सापासून सात पट्ट्या

सोमवार, ३ नोव्हेंबर
गणूबुवांच्या बोटांना आता पेटी झेपत नाही. रविवारी देवळात परीक्षा. बुवा आधी सा देणार, मग दुसरा एक स्वर. भिंतीकडे तोंड करून तो ओळखायचा. अशा पाच जोड्या. जास्त ओळखेल त्याच्याकडे भजनी मंडळाची पेटी. आम्ही दोघे : मी आणि शेजारची कुणाली. तिचे वय एकोणीस. मी बारा वर्षे मागच्या रांगेत झांज वाजवतोय. पेटी मला हवी आहे. हा लोभ आहे का, यावर विचार केला. नसावा.

मंगळवार, ४. पहाटे ५.४०
अंतरांचा तक्ता केला. काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या धरून : सापासून रे दोन, ग चार, म पाच, प सात. विषय समजला. वाशिंदच्या कारखान्यात मी क्वालिटी चेकिंगला आहे. मोजल्याशिवाय काही पास करत नाही. कुणाली मोजत नाही, नुसती सांगते. म्हणजे अंदाजच.

बुधवार, ५
बायकोने, संजीवनीने, कणीक बाजूला ठेवून मोबाइलवरच्या पेटीवर दोन स्वर दिले. तोंडातून लगेच 'प' निघाले. इतक्या लवकर आलेल्या उत्तरावर भरवसा कसा ठेवायचा? मनात एकेक पट्टी चढलो. पाच भरल्या. 'म' सांगितले. ती म्हणाली, पहिलंच बरोबर होतं. ती नेहमी घाईत असते. उद्यापासून दोनदा मोजणे.

शुक्रवार, ७
दहापैकी दोन. संजीवनीच्या मते पहिला शब्द धरला तर आठ. पहिला शब्द मी देत नाही, तो निसटतो. भाविकाने विचारले, "पप्पा, तुमी उत्तर देता का चौकशी बसवता?" आठवीतल्या मुलीला पद्धत काय कळणार. प्रगती आहे.

शनिवार, ८
शहापूरच्या बाजारात गणूबुवा भेटले. तक्ता दाखवला. म्हणाले, "मोजाया ते काय भात हाय रे? सा वाजला का मागून येनारा कोन, ते कानाला ठावं असतं." बुवा जुन्या वळणाचे. त्यांच्यासाठी डझनभर केळी घेतली होती. परीक्षेच्या आदल्या दिवशी ती लाच ठरेल, म्हणून स्टँडवर बसून स्वतःच खाल्ली. पोट जड. जेवण नको.

रविवार, ९. दुपार
कुणाली आधी. चार बरोबर, एका 'ग'ला 'म' म्हणाली. म्हणजे मला पाचही हवेत. पहिली जोडी. 'प,' मी म्हणालो. लगेच शंका आली. मोजले, परत मोजले. 'थांबा. म.' पाचही वेळा असेच झाले. शेवटी बुवांनी विचारले, "तुझा पयला शबुद धरू का दुसरा?" पेटी समोरच होती. खोटे बोलवेना. विचार करून दिलेला तो दुसरा, तोच धरा, असे सांगितले. बुवांनी पेटी बंद केली. मग म्हणाले, "पयले पाची बराबर हुते रे."
शून्य.
पद्धत मात्र चुकीची म्हणता येणार नाही.

शनिवार, २२. टोकावडे
सप्ताहात भजन. पेटीवर कुणाली. "काका, तुमी माझ्या बाजूला बसा. वहीची पानं उलटा," म्हणाली. मोठेपणा तिचा. पहिले पान अगदी वेळेवर उलटले. मग वाटले, घाई तर नाही झाली? खात्री करायला परत मागे घेतले. भजन थांबले.