वेशीबाहेरचा ऑक्सिजन

नायगाव, दादर
९ मार्च २०२५

प्रिय संघर्षदादा,

जय भीम. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. आईचा गुडघा तसाच आहे. बँक सोडून शाहिरी करायला तू नागपूरला गेलास, तेव्हापासून पप्पा तुझं नाव घेत नाहीत. पण टीव्हीवर जलसा लागला की आवाज वाढवतात.

माझी पीएचडी संपत आली. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला एक सीमा असते, आपण वेस म्हणू. सूर्याकडून येणारा कणांचा वारा तिथे अडतो. या वेशीबाहेर उपग्रहाला फार वेगवान कण सापडतात. आमचे सर म्हणतात, ते सूर्याचेच. मी त्यांतला ऑक्सिजन तपासला. सूर्याकडून येणाऱ्या ऑक्सिजनचे बहुतेक इलेक्ट्रॉन झडलेले असतात. वेशीबाहेर सापडलेल्या या ऑक्सिजनचा एकेकच गेलेला. असा ऑक्सिजन आपल्या हवेच्या वरच्या थरातून निघतो. म्हणजे हे कण इथलेच, वेस ओलांडून गेलेले.

सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर आपला पाण्याचा स्टॉल असायचा. गोंधळलेली, गावाचं नावही न सांगता येणारी म्हातारी माणसं लोक तुझ्याकडे आणायचे. तू आधी त्यांचं गाठोडं सोडायला लावायचास. तांदळाची भाकरी निघाली की माईकवरून कोकणवाल्यांना हाक, ज्वारीची निघाली की मराठवाड्याला. मी तेच केलंय, दुसरं काही नाही.

सर म्हणाले, "अक्षता, रिस्क कशाला घेतेस? प्रबंधातून ते प्रकरण काढून टाक, डिग्री आरामात मिळेल. सीमेबाहेरचं ते बाहेरचंच." माझं डोकंच फिरलं. हे वाक्य आपल्या घरात कोणाला नवीन आहे?

सूर्य शांत होता त्या दिवसांचे आकडेही पुन्हा काढले. तोच ऑक्सिजन. मी प्रकरण ठेवलं. "तुझं तू निस्तर," म्हणत सरांनी सही केली. आता २१ तारखेला सगळ्यांसमोर तोंडी परीक्षा. परीक्षकांना पटलं नाही तर डिग्री अडकेल, आणि सर माझ्या बाजूने बोलणार नाहीत. भीती वाटते, दादा. पण मागे हटणार नाही.

परवा पप्पांना हे सगळं समजावलं. चहाचा रिकामा कप फिरवत बसले. मग म्हणाले, "म्हंजे भायेर गेलं तरी आपलंच की." तू गेलास त्या दिवशी "आता तो आपला नाय" म्हणणारे हेच पप्पा.

आज सकाळी विचारत होते, परीक्षेला पहिल्या रांगेत दोन खुर्च्या धरता येतील का. गुडघ्यामुळे आईला तिथले जिने जमणार नाहीत, हे त्यांना ठाऊक आहे. दुसरी कोणासाठी, ते बोलले नाहीत.

स्टॉलच्या माईकवर तूच शिकवलं होतंस, शेवटचा शब्द गिळायचा नाही. तू नाही आलास तरी गिळणार नाही. पण ये.

खुर्ची धरून ठेवणारी,
तुझी अक्षता