शटर उघडं असताना

१० तारीख, सोमवार
पोचलो एकदाचे! मठ पडका असला तरी देखणा आहे, कमानी अजून ताठ उभ्या. जुनी प्रार्थनास्थळं टिपत देशोदेशी एकटाच भटकतो मी, पण या खेपेला बायको सोबत आहे, त्यामुळे मजा वाटतेय. तिच्या पायाला भिंगरी! मी बॅग उघडेपर्यंत हिची लॉजवालीशी मैत्रीही झाली.

११ तारीख, मंगळवार
मठात ही गर्दी! राखणदाराला कडेला व्हायला सांगितलं, तर म्हणे, कचरा काय तुझा काका काढणार? मग नेहमीची युक्ती. लेन्सवर काळी काच लावायची आणि शटर चार-पाच मिनिटं उघडं ठेवायचं. हलणारी माणसं फोटोत उमटतच नाहीत, स्थिर तेवढं राहतं. मध्येच ही फ्रेममध्ये शिरली आणि खांबापाशी थांबून मला वेडावून गेली. फोटो झकास आलाय. राखणदारासकट सगळे गायब, हिचा तेवढा पुसट डाग.

१२ तारीख, बुधवार
राखणदार आला नाही. चहावाला म्हणाला, इथे राखणदार कधी नव्हताच. अहो, काल यानेच त्याला चहा नेऊन दिला होता! चेष्टा करत असेल, म्हणून सोडून दिलं.

१३ तारीख, गुरुवार
लॉजवालीने एकच ताट वाढलं. बायको माझ्या शेजारीच बसली होती. मग हिने आईला फोन लावला. सासूबाई म्हणाल्या, मला मुलगीच नाही. ही ढसाढसा रडली. आधी राखणदार, आता ही. दोघंही त्याच फोटोतून पुसले गेलेले. तो फोटो पुसून टाकला. काही उपयोग नाही.

१४ तारीख, शुक्रवार
तिचा आवाज बारीक झालाय. हात हातात घेतला तर जेमतेम लागतो. देवा, हे माझ्यामुळे झालं—
स्थिर राहतं ते उमटतं. तिला पुन्हा उमटवायचं. उद्या, त्याच खांबापाशी.

१५ तारीख, शनिवार
उभी केलीय. शटर उघडलं. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून लिहितोय. हलू नकोस गं, हललीस तर संपलं—
अर्धं झालं. उमटेल. उमटायलाच हवी.
तिचे पाय लटपटतायत. शटर आत्ता बंद केलं तर धड इकडची ना तिकडची—
तोल जातोय म्हणतेय. धर म्हणतेय.
तिथवर जायचं म्हणजे फ्रेममधून चालत जायचं. मग मीसुद्धा—
खड्ड्यात गेलं. आलो गं, पडू नकोस, मी