टिकलीचा श्रावण

॥ श्री ॥

गिरगाव,
६ जुलै २०२५

ती. बेबीताईस,
कमलचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. दादरहून गिरगावात यायला त्याला चार दिवस लागले, तेवढ्यात तू काठी टेकत चालत आली असतीस. पण फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्याला तू नुसतं हो हो म्हणतेस, त्यापेक्षा हे बरं.

आमच्याकडची बातमी म्हणजे सूनबाईंनी मासे आणलेत. खायचे नव्हेत, पाळायचे. डिस्कस म्हणतात त्यांना. सहा पिल्लं आहेत, गोल, चपटी, आत्ता रुपयाएवढी. नीट वाढली तर बशीएवढी होतात म्हणे. एकटंदुकटं ठेवलं तर घाबरून खात नाहीत, म्हणून घोळका हवा.

सिद्धार्थ बोटीवर गेलाय, तेव्हा मधुरालाही काही विरंगुळा हवा हे मला कळतं. पण याला विरंगुळा कुणी म्हणावं? रोज सकाळी टाकीतलं निम्मं पाणी काढायचं, तळाची घाण नळीनं ओढून घ्यायची आणि आदल्या दिवशी पिंपात भरून ठेवलेलं पाणी घालायचं. नळाचं ताजं चालत नाही, त्यातल्या क्लोरीननं पिल्लांना त्रास होतो. वर हीटर. आपण इथं घामानं निथळतोय आणि माशांना गारठा बाधू नये म्हणून हीटर. ऑफिसचं काम ती घरूनच करते, त्यातून सारखी उठून चिमूट चिमूट खाणं घालते. या वयात पोटाला कमी पडलं तर वाढ खुंटते आणि ती मागाहून भरून येत नाही, असं तिचं म्हणणं. मग अंग लहान आणि डोळे तेवढे मोठे, असा मासा जन्मभर राहतो.

खाणं म्हणजे कोलंबी. सोलून, धुऊन, पालकाबरोबर वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलेली. एवढी निगुतीनं निवडलेली कोलंबी आपल्या पानात कधी पडली नाही, असं आमचे हे रोज ऐकवतात. ते पेपर घेऊन टाकीसमोरच बसतात, पेपर मात्र उलगडत नाहीत.

सगळ्यांत लहान आहे तिचं नाव मी टिकली ठेवलंय. बाकीचे तिला ढकलून खातात, म्हणून मधुरा खाणं दोन कोपऱ्यांत टाकते. तिच्या लग्नाला पाच वर्षं झाली, घरातले पडदेसुद्धा माझ्या पसंतीचे आहेत. तिनं स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट. म्हणून मी गप्प आहे.

गुडघ्याला तेल लावतेस ना? लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी,
कमल


दादर,
१३ जुलै २०२५

चि. सौ. कमल हिस,
बेबीताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. तू गप्प आहेस हे वाचायला तिसऱ्यांदा चष्मा पुसला.

मला तुझ्या सुनेचं कौतुक वाटतं. आमच्या वरच्या मजल्यावर मासे पाळतात ते असे, की पाणी हिरवं झालं की टाकीच गच्चीवर ठेवून येतात. रोज निम्मं पाणी बदलणारी मुलगी उद्या तुझंही म्हातारपण नीट काढील, तेव्हा तिच्याशी जपून वाग.

पण एक विचारते. पंचवीस तारखेला श्रावण लागतोय. श्रावणात शेजारच्या घरात आम्लेट झालं तरी तू खिडकी लावून घेतेस. मग महिनाभर ही सहा बाळं काय खाणार? साबुदाण्याची खिचडी?

रागावू नकोस. उत्तर मात्र धाड, आणि आहेस तशीच माझ्यावर जीव लावून राहा.

तुझी,
बेबीताई


गिरगाव,
२९ जुलै २०२५

ती. बेबीताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या जिभेला हाड नाही हे मला लहानपणापासून ठाऊक आहे, पण या वेळी तू नेमकं दुखतं तिथंच बोट ठेवलंस.

मला काही सांगावंच लागलं नाही. अवसेच्या दिवशी मधुरानं आपण होऊन फ्रीज रिकामा केला, सोड्यानं पुसला, कोलंबीचा ट्रे मैत्रिणीकडे दिला. माशांसाठी पाकिटातले कोरडे दाणे आणले. आमच्या सासूबाई असत्या तर त्यांनी तिची दृष्ट काढली असती.

पाच जण दाणे तोंडात घेतात, थुंकतात, पुन्हा घेतात. कसंबसं चाललंय. टिकली शिवतसुद्धा नाही. त्यांना एका चवीची सवय लागली की ती लवकर सुटत नाही म्हणे. अंगावरचा तांबूस रंग जाऊन ती काळवंडलीय आणि कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून उभी असते. काल मला तिचे डोळे मोठे वाटले. मी मधुराला तसं म्हटलं, तर ती हसून म्हणाली, होईल हो आई सवय. ती हसली ते मला आवडलं नाही. रडली असती तर मी समजूत तरी काढली असती.

आता तूच सांग, मी काय करू? हा नियम माझा नाही, सासूबाईंचा आहे. त्यांच्या सासूचाही होता. मरताना त्यांनी माझ्या हातात किल्ल्या दिल्या त्या काय मी एका माशासाठी श्रावण मोडायला? रात्री झोप लागत नाही आणि सकाळी पहिल्यांदा टाकीकडेच जाते.

माझ्यावर माया असू दे. सध्या तिची गरज आहे.

तुझी,
कमल


गिरगाव,
७ ऑगस्ट २०२५

ती. बेबीमावशींना,
मधुराचा शि. सा. न. वि. वि.

आईंची पत्रं पेटीत टाकायला मीच नेते, पण आज माझं स्वतःचं लिहितेय. त्या तुम्हाला हे लिहिणार नाहीत, म्हणून मला राहवलं नाही.

परवा सकाळी आई फुलं आणायला म्हणून बाहेर पडल्या. परत आल्या तेव्हा एका हातात फुलांची पुडी होती आणि दुसऱ्या हातात, अंगापासून लांब धरलेली, कोलंबीची पिशवी. मला म्हणाल्या, बाजूला हो. मागच्या गॅलरीत पडलेला जुना पाटा त्यांनी धुऊन घेतला, जुनं लुगडं नेसल्या आणि कोलंबी सोलायला बसल्या. मावशी, इतक्या भराभर सोललेली कोलंबी मी पाहिली नव्हती. काळा दोरा एका ओढीत बाहेर. मला एवढ्या कोलंबीला अख्खी सकाळ लागते.

मी म्हटलं, आई, नका, तुमचा श्रावण. तर मान वर न करता म्हणाल्या की श्रावण माझा आहे, त्यांचा नाही. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या गळ्यात आपला उपास बांधायचा नाही. मग डोक्यावरून नाहून पूजेला बसल्या, त्या दिवशी जेवल्याच नाहीत.

खालच्या काकूंनी मला नंतर सांगितलं. बाजारात नेहमीच्या कोळणीनं सगळ्यांसमोर विचारलं म्हणे, बाय, श्रावण मोडलास काय? बायका वळून बघायला लागल्या. आई तिथंच उभ्या राहून मोठ्यानं म्हणाल्या, घरी पाहुणे आलेत, ते खातात. ज्या बायकांना त्या श्रावणावरून आजवर टोचून बोलल्या, त्यातल्या दोघी तिथं होत्या.

टिकलीनं काल खाल्लं. आधी थोडं, मग कोपऱ्यातून बाहेर आली. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. एक कबूल करते, पाकिटातल्या त्या दाण्यांत मासळीची पूड असतेच. बारीक अक्षरात लिहिलंय. आईंना सांगू नका.

मला या घरात आजवर जे मिळालं त्यात हे सगळ्यांत मोठं आहे. तुमचा आशीर्वाद पाठीशी असू द्यावा.

आपली,
मधुरा


दादर,
१४ ऑगस्ट २०२५

चि. सौ. कमल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आलं नाही तरी मी लिहितेय. काही विशेष नाही. सहज मनात आलं, की माझी धाकटी बहीण मोठ्या मनाची बाई आहे आणि हे तिला कुणी सांगत नाही. आईनं तुझं नाव ठेवलं तेव्हा मी हट्ट करून दुसरं सुचवलं होतं. आईचंच बरोबर होतं.

यंदा पिठोरीला खीर बेताची गोड कर, मेहुण्यांना साखर आहे. तुझा हात माझ्या हातात आहे असं समज.

तुझी,
बेबीताई


गिरगाव,
२४ ऑगस्ट २०२५

ती. बेबीताईस,
कमलचा शि. सा. न. वि. वि.

तू विनाकारण कौतुक करणारी नव्हेस, तेव्हा कुणी काय कळवलं ते मी ओळखलं. घरात चहाडखोर कोण आहे हेही मला ठाऊक आहे. असो.

परवा पिठोरी झाली. तुला माहीत आहे, खीरपुरीचं वाण डोक्यावर धरून मागं न बघता विचारायचं, अतीत कोण? पाठीमागून मुलानं आपलं नाव सांगायचं आणि वाण उतरून घ्यायचं. दर वर्षी सिद्धार्थ असतो, बोटीवर असला तरी फोनवरून ओरडतो. यंदा त्याची बोट कुठं भर समुद्रात, फोन लागेना. हे म्हणाले, सोडून दे या वर्षी. पण ताट भरलेलं होतं. मी ते डोक्यावर घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून विचारलं, अतीत कोण?

मधुरा टाकीचं पाणी काढत होती, नळीचा आवाज तेवढा येत होता. मी पुन्हा विचारलं. नळीचा आवाज थांबला. मागून अगदी हळू आवाज आला, मी, मधुरा. मी तिसऱ्यांदा विचारलं, तर म्हणाली, मी आणि टिकली.

ताई, ताट डोक्यावर असताना हसायचं नसतं. मी हसले आणि रडलेही, दोन्ही एकदम. तिनं वरच्यावर ताट उतरून घेतलं, खाली ठेवलं. तिचे हात टाकीच्या पाण्यानं ओले होते. पुसायला इकडंतिकडं बघितलं, आणि मग माझा पदर घेतला आणि त्याला पुसले. पाच वर्षांत हे पहिल्यांदा. सिद्धार्थ लहानपणी अस्सेच पुसायचा. मी हललेसुद्धा नाही, तिचं पुसून होईपर्यंत.

टिकलीचा रंग परत आलाय. बाकीच्यांपेक्षा अजून लहान आहे, पण ढकललं की आता उलट ढकलते. मी टाकीजवळ गेले की पुढं येते. बशीएवढी नाही झाली तरी चालेल.

कान जप, गुडघे जप, आणि आम्हा दोघींवर माया कर.

तुझी,
कमल

ता. क. हे पत्र मी स्वतः पेटीत टाकणार आहे. मधुराच्या हाती दिलं तर वाचेल आणि शेफारेल. ते पाकिटातले दाणे कशाचे असतात, ते मी पहिल्याच दिवशी वासावरून ओळखलं होतं. तिला सांगू नकोस.