टाकीत उतरण्याआधीचा प्रश्न

१२ जून २००१
डोंगरकड्याजवळच्या सोयाबीन तेल गिरणीत रुजू झालो. वय अठ्ठेचाळीस, कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. पण इथली युनिक्स मशीन मीच बोलती केली. तिला ना पडदा, ना कीबोर्ड. बोलायचं ते सीरियल केबलनं जोडलेल्या टर्मिनलवरून. मागचा इंजिनिअर हात टेकून गेला. मी पिना तपासल्या, दोन-तीनच्या तारांची अदलाबदल केली, वेग ९६०० ठेवला. अक्षरं आली. तेलाच्या टाकीवर पहारा देणारा सोनाजी म्हणाला, आमी हिला मुकी समजत होतो साहेब, ही तर आमच्या घरचीपेक्षा जास्त बोलून राहिली.

टाकीत गॅस वाढला की ही मशीन टाकीच्या तोंडाशी लाल दिवा लावते; सोनाजी तो बघून आतल्याला वर काढतो. म्हणून सफाईला उतरणारा आधी मला विचारतो, मशीन चालू हाय का.

१९ जून
साखऱ्याकडच्या तांड्यावरचा देवला विचारायला आला. म्हणालो, बराबर चालू आहे, उतर. मग पिन दोनचं सोल्डर ओबडधोबड दिसलं. टर्मिनल चालू असताना केबल काढली की ही मशीन जागीच थांबते. पुस्तकातली ही ओळ मीच अधोरेखित केली आहे. दोन मिनिटांचं काम म्हणून काढली. ११.४०. सोल्डर सुबक व्हायला अठरा मिनिटं लागली. नंतर एक शब्द टाइप केला, मशीन पुढे सुरू. कुठेही नोंद नाही.

दिवा लागला नाही. देवला आतच गुदमरून गेला.

२१ जून
चौकशीत सांगितलं, मशीन चालू होती, सोनाजीला डुलकी लागली असेल. सोनाजीला पोलिसांनी नेलं. देवलाची बायको रुक्माबाई फाटकाशी बसून असते. तिनं विचारलं, दिवा काहून लागला न्हाई साहेब. म्हणालो, लागला होता.

२५ जून
११.४०. टर्मिनलवर रोमन अक्षरांत ओळ: मशीन चालू हाय का. कुणाची तरी खोडी. केबल बदलली.

२६ जून
केबल दोन्ही टोकांनी काढून कपाटात ठेवली. ११.४०. तीच ओळ. 'चालू' टाइप केलं. खोलीत टाकीतला वास —

२७ जून
'बंद होती' टाइप केलं. वास ओसरला. मग दुसरी ओळ: तर सोनाजीला काहून नेलं.
टर्मिनलचा खटका बंद केला.

२८ जून
टर्मिनलचा प्लगही काढलाय. त्याचा पडदा उजळच. सोनाजीला काहून — सोनाजीला — खिडकी सताड उघडी, तरी श्वास — रुक्माबाई फाटकाशी दिसते. हाक फुटत नाही. लिहून ठेवतो. सोनाजी जागा होता. दिवा लागलाच नाही. मशीन थांबवली ती मी, खाली सही करणारा —