लाल लोकरीचे धागे

श्टुटगार्ट, मार्च १९३४

प्रिय आई,

सर्दी गेली, पोटभर जेवतो. काळजी नको.

माझ्या थेंबासारख्या मोटारीचं रेखाटन कचेरीतल्या झाइडलरने चोरलं होतं ना? त्याने नमुनाही बनवला, पण वारा कापायला म्हणून निमुळतं टोक पुढे! मी तोंड शिवून बसलो.

काल संचालकांसमोर मोठा पंखा लावला. वारा कसा वाहतो ते दिसावं म्हणून नमुन्यावर चिकटवलेले, तू पाठवलेल्या लाल लोकरीचे धागे पिसाटासारखे उडाले.

"रेखाटन कुणाचं?"

"माझंच," झाइडलर म्हणाला.

मी उठून नमुना फिरवला, गोल बाजू पुढे. धागे विंचरलेल्या केसांसारखे चापून बसले.

संचालक म्हणाले, "झाइडलर, स्वतःच्या पोराचं तोंड कुठे नि ढुंगण कुठे, तेही ठाऊक नाही?"

बाबांचा खोकला कसा आहे? तुझ्याकडे उरलेल्या लोकरीचे पायमोजे विणून पाठव. झाइडलरला देईन. आता घरीच बसायचंय त्याला.

तुझा, अजून न निवलेला,
ओटमार