अकरा पानं

७ सप्टेंबर
मार्गासनीच्या पुढे एसटी सोडली. खाचरांत भात डुलतोय, मन प्रसन्न. सर्वपित्रीला वाडीत हुतात्मा शिळा उभी राहणार. तिच्यावरचा मजकूर आणि मुख्य भाषण माझ्याकडे. पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या लढाईला इथले नऊ जण गेले, सात परतले नाहीत. समितीचे हनुमंतराव म्हणाले, "व्याख्यातेसाहेब, असं बोला की मेंढरंबी रडली पायजेत." रडतील! ज्याला आपल्या मृतांसाठी रडता येत नाही, ते राष्ट्र कसलं?

१२ सप्टेंबर
परतलेल्या दोघांतल्या भिमाची नातसून धोंडाबाई, वय पंच्याऐंशी. पितृपक्षात घरच्या पितरांशेजारी आणखी अकरा पानं मांडते, नावं घेऊन. तिकडे बसऱ्याला आपल्या नऊ जणांनी एका घराला बाहेरून कडी घालून आग लावली होती. आत अकरा माणसं. भिमाने मागाहून त्यांची नावं विचारून पाठ केली, हिला शिकवली. आता फक्त हिलाच येतात. म्हणाली, "लिवून घ्या मास्तर, म्या हाय तवर." शिळेला काजळी फासायला माझी लेखणी नाही, असं सुनावलं. ती हसली. "बोलनारं लई हाय तुमी. ऐकनारं न्हाई."

२१ सप्टेंबर, सर्वपित्री
भाषण गाजलं. शत्रूचं पान आपल्या पंगतीत नको, म्हणालो. टाळ्या! धोंडाबाईने शिळेजवळच मांडलेली ती अकरा पानं हनुमंतरावांनी स्वतः जाऊन गुंडाळली. धोंडाबाई मोठ्याने नावं घेऊ लागली. पहिल्याच नावाला तोंड वाकडं झालं, वाचा गेली. मला ते नाव ऐकूच आलं नाही. टाळ्या चालू होत्या.

२२ सप्टेंबर
वाडीत उतरलोय त्या खोलीत भर दुपारी करपल्याचा वास. भिंतीशी अकरा जण, मांडी घालून. एक तान्हं, आईच्या मांडीवर. मी पानं मांडली, खीर वाढली. कुणी हात लावत नाही. नावाची वाट पाहतात.

२४ सप्टेंबर
धोंडाबाई दवाखान्यात वारली. शेवटपर्यंत ओठ हलत होते. मी कान लावून बसलो होतो — नुसता श्वास —

२५ सप्टेंबर
त्या अकरांना शिळेवरची सात नावं वाचून दाखवली. मान हलवतात. नाही. पाया पडलो. नाही.

२६ सप्टेंबर
हनुमंतराव दारात. मी समोर उभा. खोली रिकामीच हाय की, म्हणाले. हिथं कोन उतरलं हुतं, असं कुणाला तरी विचारलं. मी ओरडलो. त्यांनी बाहेरून कडी घातली.

अकरा जण सरकले. शेजारी एक जागा केली. ती आई माझ्याकडे बोट करून विचारतेय — नाव. सांगतो. सांगतो ना — माझं नाव —