दाराजवळचं रजिस्टर

३ ऑगस्ट, दुपारी ४.४०
आज बरोबर चार वाजून दहा मिनिटांनी माझा अपमान झाला. नातीच्या शाळेतल्या काउन्सेलरने मला आणि सूनबाईला समोर बसवून विचारलं, मित्र म्हणवणारा मुलगा मुलीला त्रास देत असेल तर ओळखायचं कसं, माहीत आहे का. वर हातात पत्रक. एकतीस वर्षं मुलींचं होस्टेल सांभाळलं मी. या बयेचं वय माझ्या नोकरीपेक्षा कमी. पत्रक कचऱ्याच्या डब्यात तळाला अंथरलं.

५ ऑगस्ट
नातीचा तो मित्र येऊन गेला. सतरा वर्षांचा, इंग्रजी स्वच्छ, मी उठले की उठतो. नाव ठेवलं जंटलमन. ती कुठे गेली, विचारत होता. इतकी चौकशी माझ्या नवऱ्याने जन्मात केली नाही. आमच्या दाराजवळ होस्टेलसारखं रजिस्टर असतं: कुठे, कुणाबरोबर, परत किती वाजता. त्याला दाखवलं.

९ ऑगस्ट
नातीने ‘लायब्ररी’ लिहिलं आणि गेली मैत्रिणीकडे. बिचारा जंटलमन लायब्ररी पालथी घालून आला. तिला झापलं. म्हणते, आजी, तो वाचतो म्हणूनच खोटं लिहिते. म्हटलं, कर नाही त्याला डर कशाला.

१४ ऑगस्ट
मैत्रिणी येईनाशा झाल्या. बरंच झालं, एकेक ध्यान होतं. एवढ्या उकाड्यात नात पूर्ण बाह्यांचे कपडे घालते. चला, कपड्यांची तरी शिस्त आली.
संकल्प: उद्यापासून कमी बोलणे.

१५ ऑगस्ट
संकल्प मोडला. कारण सूनबाई.

१७ ऑगस्ट
सूनबाईने नातीची बाही वर केली. दंडावर निळे वळ. बसचा दांडा लागला असेल, म्हटलं. दांड्याला चार बोटं असतात का आई, म्हणाली. उत्तर होतं माझ्याकडे. उद्धट माणसांना मी देत नाही.

१९ ऑगस्ट
नात घरात नाही. सूनबाई तिला कुणाकडे तरी ठेवून आली. शाळेला पत्ता माहीत, मला नाही. मुलाला विचारलं तर खाली बघत म्हणाला, आई, तू सांगशील गं त्याला. रजिस्टरही सूनबाईने उचलून नेलं.

२१ ऑगस्ट, संध्याकाळी ६.१५
जंटलमन आला. रजिस्टर नाही म्हटल्यावर दारात पाय घातला. कुठे लपवलीस म्हातारे, म्हणाला. माझं मनगट धरलं. समोरच्या बाई बाहेर आल्या तेव्हा सोडलं. ठाऊक असतं तर सांगितलं असतं का, हे इथे लिहीत नाही.
सूनबाईने बर्फ लावला. मग पोलिसांना फोन केला आणि नंतर त्या काउन्सेलरला.

२२ ऑगस्ट, सकाळी ७.०५
सूनबाईच्या दाराखालून सरकवायची चिठ्ठी, कच्चा खर्डा:
पत्ता मागत नाही. मुलगी नीट झोपते का, जेवते का, एवढंच लेखी कळवावे. माझ्याबद्दल काही विचारलं का, तेही. विचारलं नसेल तर ती ओळ कोरी सोडावी. उत्तर शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत मिळावे.